एका नंबराने सरकलेली गावं

साडेनऊच्या सुमाराला नाईकसाहेब आत आले आणि त्यांनी माझ्या कीबोर्डवरच एक चिठ्ठी ठेवली.

"बेन, हा शेतकरी या गावात नाही," ते गुजरातीत म्हणाले.

चिठ्ठी सकाळी आमच्याच प्रिंटरवरून निघाली होती. टोळी नंबर, गावाचा नंबर आणि नाव, शेतकऱ्याचं नाव, सर्व्हे नंबर, उसाची जात. सगळं जागच्या जागी होतं.

"ट्रक रिकामा परत आलाय. ड्रायव्हर तासभर विचारत फिरला. छगनभाई नावाचं त्या गावात कोणी नाही."

"नाव चुकलं असेल," मी म्हणाले.

"नाव बरोबर आहे. छगनभाईंना मी वीस वर्षं ओळखतो. ते दुसऱ्या गावचे."

त्या सकाळी सात वाजता ऊसतोडीच्या शेहेचाळीस टोळ्या अशाच चिठ्ठ्या घेऊन निघून गेल्या होत्या. एक चूक आहे की शेहेचाळीस, हे त्या क्षणी मला सांगता आलं नसतं.

हा प्रसंग नव्वदच्या दशकातला. सुरतला पर्वत पाटियाजवळ एका साड्यांच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती. मालक किरीटभाई. प्रोग्रॅमर तिघं: नीलेश, दक्षा आणि मी. माझं नाव सरला. वडील अमळनेरकडून कापडाच्या लूमवर कामाला आले आणि गोडादऱ्याला राहिले. घरी आम्ही अहिराणी बोलायचो, ऑफिसात गुजराती. आमच्या गल्लीत कम्प्युटरवर काम करणारी मी एकटीच होते. वडील कोणालाही सांगताना "मशीनवर आहे" एवढंच सांगायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, लूमवरच आहे.

बारडोलीच्या बाजूच्या एका साखर कारखान्याने आम्हाला ऊसतोडणीचा प्रोग्रॅम करायला दिला होता. कोणाचा ऊस कधी तोडायचा, हे तोवर शेतकी अधिकारी नाईकसाहेबांच्या वहीवर चालायचं. ऊस साधारण बारा महिन्यांनी पिकतो. आधी तोडला तर वजन आणि साखर कमी, उशीर झाला तरी तेच. प्रत्येकाला आपली पाळी लवकर हवी असते. मग ओळखीच्यांचा ऊस आधी जातो, अशी कुरबूर दरवर्षी व्हायची. ती कायमची संपवायला कम्प्युटर आणला होता. गावोगाव सभा घेऊन सांगितलं होतं की यंदापासून चिठ्ठी कम्प्युटर काढणार, माणूस नाही.

प्रोग्रॅमचे तीन भाग होते. नीलेशने नोंदणीचा भाग लिहिला, म्हणजे कोणत्या गावात कोणाचा किती ऊस, लावणीची तारीख काय. त्यावरून रोजच्या तोडणीच्या चिठ्ठ्या काढणारा भाग माझा. तोडलेला ऊस कारखान्यात आल्यावर त्याचं वजन नोंदवणारा भाग दक्षाचा. उन्हाळ्यापासून आम्ही आपापल्या मशीनवर आपापला भाग लिहीत होतो. दिवाळी झाल्यावर तिन्ही भाग जोडायचे, असं ठरलं होतं. तेव्हा सगळेच असं करायचे. जोडणीसाठी शेवटचे चार दिवस ठेवले होते.

त्या चार दिवसांत आम्ही वीस शेतांची माहिती भरून चिठ्ठ्या काढून पाहिल्या. वीसच्या वीस बरोबर आल्या. किरीटभाईंनी पेढे मागवले आणि मी फ्लॉपी पर्समध्ये घालून बसने कारखान्यावर आले.

आता नाईकसाहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. मी छगनभाईंची नोंद उघडली. तिथे गावाचा नंबर होता अठ्ठावन्न. माझ्या यादीत अठ्ठावन्न नंबरचं गाव पाहिलं. चिठ्ठीवर छापलेलं तेच गाव होतं. म्हणजे माझा प्रोग्रॅम बरोबर चालला होता.

"छगनभाईंचं गाव तुमच्या यादीत कितवं?" नाईकसाहेबांनी विचारलं.

मी पाहिलं. सत्तावन्नावं.

मी दुसरी चिठ्ठी तपासली. गाव नंबर बारा. बरोबर. तिसरी, नंबर एकतीस. बरोबर. चौथी, नंबर त्रेसष्ट. तिथला शेतकरी बासष्ट नंबरच्या गावचा निघाला. मी फोनपाशी गेले आणि सुरतला लावला. तीनदा एंगेज लागला. चौथ्यांदा नीलेशने उचलला.

"नीलेश, गावांची यादी बदलली आहेस का?"

"हो. वडपाडा म्हणजे एक गाव नाही, दोन आहेत. मोटा वडपाडा आणि नाना वडपाडा. कारखान्याने कळवलं होतं. मी एकेचाळीस नंबरला मोटा घेतला, बेचाळीसला नाना. पुढचे सगळे नंबर एकाने सरकवले."

"कधी?"

"ऑगस्टमध्ये. तू बहिणीच्या लग्नाला गेली होतीस. मी वहीत लिहून ठेवलंय." मग त्यानेच विचारलं, "तू कोणती यादी वापरतेस?"

नीलेशचा भाग तयार होईपर्यंत माझं काम अडू नये म्हणून मी जूनमध्ये त्याच्या यादीची एक प्रत माझ्या मशीनवर घेतली होती. ती प्रत नंतर काढायची, हे डोक्यात होतं. ते डोक्यातच राहिलं. माझा प्रोग्रॅम शेतकऱ्याचं नाव नीलेशच्या नव्या माहितीतून घेत होता आणि गावाचं नाव माझ्या जुन्या यादीतून. एकेचाळीसच्या पुढचा प्रत्येक शेतकरी एक गाव पुढे सरकला होता. आणि आम्ही तपासायला घेतलेली वीस शेतं पहिल्या दहा गावांतली होती, कारण नोंदी भरताना नीलेशने सुरुवातीपासून सुरुवात केली होती.

सकाळी एक इशारा मिळालाही होता. एका चिठ्ठीवर गावाच्या नावाची जागा कोरी आली होती. क्लार्क म्हणाला, रिबन सुकली असेल, आणि त्याने आठवून गावाचं नाव पेनने लिहिलं. मीही हो म्हणाले. ते यादीतलं शेवटचं गाव होतं. माझ्या यादीत तो नंबरच नव्हता, म्हणून छापायला काही सापडलं नाही. मला तेव्हाच थांबायला हवं होतं. पण बाहेर टोळ्या खोळंबल्या होत्या, पूजेचा नारळ फुटला होता आणि चेअरमन फोटोला उभे होते.

किरीटभाईंनी नीलेशच्या हातून फोन घेतला.

"सरलाबेन, घाबरू नका. तिथे कोणाला काही बोलू नका. नीलेशला नवीन फ्लॉपी देऊन पाठवतो. दोन तासांत दुरुस्त होईल. विचारलं तर सांगा, प्रिंटर बिघडला."

नाईकसाहेब दारात उभे होते. ऑफिसमध्ये एकच फोन आणि आवाज मोठा. त्यांनी किती ऐकलं, मला कळलं नाही.

मी फोन ठेवला. दोन तासांत प्रोग्रॅम दुरुस्त झाला असता, याबद्दल मला शंका नव्हती. पण टोळ्या तोवर फडात पोहोचल्या होत्या. त्यांच्या हातातल्या चिठ्ठीवर सर्व्हे नंबर होता आणि तो नंबर प्रत्येक गावात असतो. मगनभाई, रमणभाई ही नावंही प्रत्येक गावात असतात. ज्या गावात नाव सापडलं नाही तिथला ट्रक परत आला. जिथे सापडलं, तिथे ऊस पडत असणार. पिकलेला की कोवळा, हे टोळीने बघायचं नसतं. एकदा पडलेला ऊस उभा करता येत नाही.

"साहेब," मी म्हणाले, "प्रिंटर नाही. चूक आमची आहे. आणि ती एका चिठ्ठीची नाही."

त्यांनी मला पुढे बोलू दिलं. मी दोन वाक्यांत सांगितलं. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त खुर्ची ओढली. "किती?"

ते कम्प्युटरवर काढायला मला प्रोग्रॅम बदलावा लागला असता, आणि त्या वेळी माझा स्वतःवर विश्वास उरला नव्हता. क्लार्ककडे चिठ्ठ्यांच्या कार्बन प्रती होत्या. आम्ही पेन्सिल घेऊन बसलो. मी गावाचा नंबर आणि शेतकऱ्याचं नाव वाचायचे, नाईकसाहेब आठवणीने खरं गाव सांगायचे. बेचाळीस किंवा त्यापुढचा नंबर आला की खूण. पहिल्यांदा मोजल्या तेव्हा सोळा आल्या. मला खात्री वाटेना. परत मोजल्या तेव्हा सतरा. तिसऱ्यांदाही सतरा. त्यातली एक कोरी चिठ्ठी. ती क्लार्कने हाताने बरोबर भरली होती. उरल्या सोळा.

सोळा टोळ्या. एका टोळीत वीस-पंचवीस माणसं, त्यांची लेकरंबाळं वेगळी. फडात फोन नव्हता. नाईकसाहेबांनी दोन मोटारसायकली जवळच्या गावांना पाठवल्या. लांबच्या सात गावांना जीप.

"तुम्ही जीपमध्ये बसा," ते मला म्हणाले. "यातल्या बऱ्याच टोळ्या तुमच्या खानदेशच्या आहेत. ड्रायव्हर थांबवायला गेला तर ऐकणार नाहीत. मागे एका गावात शेजाऱ्याने टोळी अडवून आपल्याच शेतावर नेली होती. मुकादमांना वाटतं, कोणीतरी पळवायला आलंय."

मी तोवर उसाचा फड आतून पाहिला नव्हता. चिठ्ठ्या काढणारा प्रोग्रॅम लिहिला होता, पण चिठ्ठी घेऊन माणसं कुठे जातात हे पाहिलं नव्हतं.

पहिल्या गावात टोळी एका वडाखाली बसून होती. शेतकरी सापडला नव्हता आणि ट्रक त्यांना उतरवून निघून गेला होता. बायका लेकरांना भाकरी चारत होत्या. त्यांची मजुरी टनावर असते. बसून राहिलेल्या दिवसाचं काही मिळत नाही. दुसऱ्या गावात शेतकऱ्याने टोळीला हाकलून दिलं होतं. उसाला अजून वेळ आहे, पळा इथून, असं तो म्हणाला होता. त्याचे मला पाय धरावेसे वाटले. तिसऱ्या गावातही टोळी बसूनच होती. चौथ्या गावाच्या अलीकडे ड्रायव्हरने गाडी हळू केली. खिडकीतून आवाज आला. कोयत्यांचा.

मी उतरून धावले. बांधावर उसाच्या मोळ्या पडल्या होत्या. आत ओळीने जोडपी वाकलेली. झाडाच्या फांदीला एक झोळी, तिच्यात बाळ. मी चप्पल हातात घेऊन आत शिरले आणि पुढच्या माणसाला अहिराणीतच हाक मारली.

"दादा, कोयता थांबाडा. हाऊ ऊस आज तोडाना नही शे."

तो सरळ उभा राहिला. पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल. तो मुकादम होता.

"चिठ्ठीमा हाईच गाव लिखेल शे, ताई. आम्हनं काय चुकनं?"

"तुम्हनं काहीच चुकनं नही. चिठ्ठीच चुकेल शे."

"चिठ्ठी कोनी बनाडी?"

"मी."

त्याने माझ्याकडे पाहिलं, हातातल्या कोयत्याकडे पाहिलं आणि मागे वळून हाक दिली. एकेक कोयता थांबला. शेवटचा थांबेपर्यंत मी मोजत होते. मोठ्या शेताचा एक कोपरा, अर्धा वीघा म्हणजे दहा-बारा गुंठे तरी, रिकामा झाला होता. ऊस हिरवागार होता. शेंड्याची पानं अजून कोवळी होती.

शेताच्या मालकीणबाई, मणीबेन, घरातून आल्या. नवऱ्याचं नाव मगनभाई, तो सुरतेला गेला होता. चिठ्ठीवरचा मगनभाई पलीकडच्या गावचा.

"तुम्हाला शंका नाही आली? लावणी तर फेब्रुवारीची आहे," जीपमधून बरोबर आलेल्या नाईकसाहेबांच्या माणसाने विचारलं.

"आली," त्या म्हणाल्या. "मी मुकादमाला म्हटलंसुद्धा. पण तो म्हणाला, कम्प्युटरची चिठ्ठी आहे. सभेत साहेबांनीच सांगितलं होतं, कम्प्युटर चुकत नाही. मग मी काय बोलणार?"

मी फक्त माफी मागितली.

उरलेल्या तीन गावांत ऊस पडला नव्हता. मोटारसायकली दुपारी परत आल्या. त्यांनी नऊपैकी आठ टोळ्या गाठल्या होत्या. एक सापडेना. आधी दिलेल्या गावात नव्हती, खऱ्या गावातही नव्हती. कारखान्यात परत आलो तेव्हा गव्हाण, म्हणजे ऊस आत नेणारा पट्टा, अर्धा रिकामा फिरत होता. ऊस कमी आल्यामुळे गाळप हळू केलं होतं. चीफ केमिस्ट दर पंधरा मिनिटांनी ऑफिसात डोकावून नुसते बघून जात. मला वाटत होतं, ती हरवलेली टोळी कुठेतरी मुकाट्याने कोणाचा तरी आख्खा फड आडवा करतेय. नीलेश येऊन बसला होता, दुरुस्त प्रोग्रॅम मशीनवर चढला होता, पण आम्ही दोघंही स्क्रीनकडे बघत नव्हतो.

साडेपाचला निरोप आला. त्या टोळीच्या मुकादमाला गाव सापडलं नाही म्हणून तो सगळ्यांना घेऊन पडावावर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर, परत गेला होता. सकाळपासून ती माणसं कारखान्यापासून दीड किलोमीटरवर होती. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

मणीबेनच्या उसाचं काय झालं, ते सांगते. आठ-नऊ महिन्यांचा ऊस साखरेला कोवळा असला तरी बेण्याला, म्हणजे नवीन लावणीला, चांगला असतो. नाईकसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी लावणी करणाऱ्या चार शेतकऱ्यांना तो बेणं म्हणून देऊन टाकला. सगळा नाही गेला. उरलेला जनावरांना घातला. मगनभाईंची भरपाई कारखान्याने दिली आणि ती आमच्याकडून वळती करून घेतली. पण ते कुटुंब त्यानंतर कारखान्याच्या कोणत्याही सभेला आलं नाही.

दोन दिवसांनी किरीटभाईंनी आम्हा तिघांना समोर बसवलं. ते माझ्यावर रागावलेले होते.

"मी सांगितलं होतं, बोलू नका."

"न बोलता सोळा टोळ्या कशा थांबवल्या असत्या, किरीटभाई?"

त्यांनी विचारलं, "चूक कोणाची?"

नीलेशचा भाग तपासला. त्यात चूक नव्हती. त्याने यादी सुधारली होती, तेच त्याचं काम होतं. माझा भाग मी दिलेल्या यादीप्रमाणे चोख चालत होता. दक्षाचा तर संबंधच नव्हता. चूक दोन भागांच्या मध्ये होती, आणि मध्ये कोणीच कामाला नव्हतं. ऑगस्टमध्ये झालेली चूक नोव्हेंबरपर्यंत तिथे बसून राहिली, कारण तिच्यापाशी जायची कोणावर वेळच आली नव्हती.

दक्षा तिघांत कमी बोलणारी. ती म्हणाली, "दिवाळीऐवजी रोज जोडू या."

"रोज? मग लिहायचं कधी?" नीलेश म्हणाला.

ठरलं असं. कोपऱ्यातलं जुनं मशीन फक्त जोडणीसाठी. रोज दुपारी चार वाजता तिघांनी दिवसभरात केलेला बदल फ्लॉपीवर घेऊन तिथे टाकायचा. कोणी यादीची वेगळी प्रत ठेवायची नाही. मग पन्नास ठरलेल्या नोंदींवर चिठ्ठ्या काढायच्या. त्या पन्नासांची बरोबर उत्तरं आम्ही आधी हाताने लिहून ठेवली होती. त्यात पहिलं गाव होतं, शेवटचं गाव होतं, दोन्ही वडपाडे होते, आणि एकाच नावाचे सहा मगनभाई. उत्तरं जुळली नाहीत, तर ज्याच्या बदलाने बिघडलं त्याने ते नीट केल्याशिवाय घरी जायचं नाही.

पहिल्या आठवड्यात पाचही दिवस बिघडलं. तीनदा माझ्यामुळे. नीलेश म्हणायचा, हे शाळेतल्यासारखं झालं, रोज परीक्षा. किरीटभाई घड्याळ बघायचे आणि रोजचा एक तास वाया जातोय म्हणून कुरकुरायचे. पण बिघाड शोधायला दहा मिनिटं लागायची, कारण सकाळपासून बदललेल्या ओळीच मुळात वीस-तीस असायच्या. कोणी काय बदललं, हे आठवावं लागत नव्हतं. करणारा शेजारीच बसलेला असायचा.

हंगामाच्या मध्यावर दक्षाने वजनाच्या नोंदीत टोळी नंबराला एक आकडा वाढवला, कारण टोळ्या शंभरावर गेल्या होत्या. त्या दिवशी चार वाजता माझ्या चिठ्ठ्यांवर टोळी नंबर अर्धवट छापले गेले. एकशेचार नंबरची टोळी दहा नंबरची झाली. पूर्वीच्या पद्धतीने हे दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कारखान्याच्या आवारात कळलं असतं. ते पावणेपाचला दुरुस्त झालं. त्या दिवसापासून किरीटभाईंनी घड्याळ बघणं सोडलं.

पुढे मी मोठ्या कंपन्यांत काम केलं. तिथे हीच गोष्ट मशीन आपोआप करतात, दिवसातून अनेकदा, आणि तिला कंटिन्युअस इंटिग्रेशन म्हणतात. सगळ्यांचं काम सतत एकत्र जोडत राहायचं आणि जोडल्या जोडल्या तपासायचं, एवढाच त्याचा अर्थ. नव्या मुलांना ते नियम म्हणून सांगितलं जातं. काही जण कंटाळतात आणि आपलं काम आठवडाभर स्वतःजवळ ठेवतात. माझा भाग तर बरोबर चालतोय, असं ते म्हणतात. ते खरंही असतं.

मी त्यांच्याशी वाद घालत नाही. एवढंच सांगते की तुमचा भाग बरोबर आहे याला बाहेर कोणी विचारत नाही. बाहेर जाते ती जोडलेली वस्तू. ती तुम्ही रोज बघितली नाही, तर एक दिवस दुसरं कोणीतरी बघतं, आणि त्या वेळी तुम्ही तिथे असालच असं नाही.

नाईकसाहेबांनी आमचा प्रोग्रॅम पुढची अनेक वर्षं वापरला. मात्र टोळी निघण्याआधी प्रत्येक चिठ्ठी मुकादमाला मोठ्याने वाचून दाखवायची, हा नियम त्यांनी शेवटपर्यंत मोडला नाही. मी एकदा विचारलं, अजून विश्वास नाही का? ते म्हणाले, "आहे. म्हणून तर फक्त एकदाच वाचायला लावतो."

मला त्यात गैर काही वाटलं नाही.